‘नंबर लागला’ म्हणजे नक्की काय लागलं?

काकू, सा. न. वि. वि.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. साडेचार वर्षांचा असताना सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले दिसायचे. ॲलर्जी असेल म्हणून आठ दिवस थेंब घातले. मग पाय सुजले, लघवी तपासली आणि नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार, निघाला. तेव्हापासून स्टेरॉइड सुरू होतं, कमी होतं, बंद होतं, की पुन्हा सूज. गेल्या वर्षात चार वेळा उलटलं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात ह्यांना सांगितलं, की एक अभ्यास चालू आहे. काही मुलांना स्टेरॉइडचा कमी डोस रोज, काहींना एक दिवसाआड, असं वर्षभर द्यायचं. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. ह्यांनी तिथल्या तिथे सही केली आणि घरी येऊन म्हणाले, “आपला नंबर लागला! आता मोठे डॉक्टर स्वतः बघतील, तपासण्या फुकट.” मी फॉर्म काढून वाचायला बसले. चौदा पानं, हिंदीत. माझं शिक्षण हिंदीतच झालंय, तरी ‘यादृच्छिक आवंटन’ वाचून काही कळेना. शेवटच्या पानावर वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव. ते पाहून सासूबाई हादरल्या. त्यांना मागे पेपरात आलेल्या इंदूरच्या औषध-चाचण्यांच्या बातम्या आठवतात. “पोराला उंदीर केलंस, आता खोट्या गोळ्या देतील,” असं ह्यांना म्हणाल्या. तेव्हापासून माय-लेकांत अबोला आहे. मुलगा एवढंच विचारतो, “पुन्हा सुई टोचणार का?”

पुढची तारीख दहा दिवसांवर आहे. सही झाल्यावर नाही म्हणता येतं का? म्हटलं तर डॉक्टर चिडतील, मग याचं पुढे बघणार कोण?

— एक आई

*

अगं, तुझ्या पत्रात मी अडकले ती ‘नंबर लागला’ ह्या दोन शब्दांपाशी. ते शब्द मी आधी ऐकलेत, आणि ऐकले तेव्हा चूक माझी होती.

मी तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका एथिक्स कमिटीत सामान्य नागरिकाच्या जागेवर काही वर्षं बसले. औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या ह्या कमिटीत किमान सात जण असावे लागतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक बाई आणि एक असा माणूस, ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही. तो माणूस मी. माझं काम एकच होतं, फॉर्म साध्या माणसाला समजेल का ते पाहायचं. लहान मुलांच्या एका अभ्यासाचा फॉर्म आला. मी शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी अनुस्वार टाकले आणि पास केला. ‘यादृच्छिक’ मला खटकलाच नाही, कारण मला तो शब्द येत होता.

काही महिन्यांनी, तो अभ्यास चालला होता त्या ओपीडीबाहेर देवासकडचा एक बाप भेटला. मांडीवर पोर, हातात फाईल, चेहरा खुललेला. म्हणाला, “बहनजी, बच्चे का नंबर लग गया.” कशात, म्हणून विचारलं. “बड़े डॉक्टर साहब की दवा में.” फाईल उघडली तर मीच पास केलेला फॉर्म, चार ठिकाणी त्याची सही. हा अभ्यास आहे, आपल्या पोराला दोनांपैकी कुठलं औषध मिळेल ते चिठ्ठीवर ठरणार आहे, आपण नाही म्हणू शकत होतो, यातलं एकही त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या कपाटात मात्र त्या फॉर्मची प्रत अगदी निर्दोष होती.

म्हणून तुझ्या नवऱ्याला आधी मोकळं कर. त्याने बेफिकिरी केली असं मला वाटत नाही. चार वर्षं पोराचा आजार पुन्हा पुन्हा उलटताना बघणारा माणूस ओपीडीच्या गर्दीत उभा असताना कुणीतरी कोट घातलेलं प्रेमाने बोललं, तर त्याला ‘आपल्याकडे लक्ष गेलं’ एवढंच ऐकू येतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या चाचण्यांमध्ये डॉक्टर आणि आईबाप यांच्यातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून एक अभ्यास झाला, 2004 साली तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठीने गट ठरतात हे दर शंभरातल्या त्र्याऐंशी आईबापांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी बाहेर आल्यावर निम्म्या आईबापांना ते समजलेलं नव्हतं. तिथे फॉर्म त्यांच्या भाषेत होते, डॉक्टरांनी वेळ दिला होता. मुलाच्या आजाराचं नाव ऐकल्यावर माणसाच्या कानात पुढचं फार काही शिरत नाही. नर्स सोबत बसली होती तिथे समज बरी होती, हीसुद्धा त्याच अभ्यासातली गोष्ट. मला त्यात नवल वाटलं नाही. डॉक्टरला जे विचारायची लाज वाटते ते आपण सिस्टरला विचारतो.

आता ते ‘यादृच्छिक आवंटन’. भिशीत डब्यातून चिठ्ठी काढतात ना, तसंच. तुझ्या मुलाचं नाव ‘रोज’ ह्या डब्यात पडेल की ‘एक दिवसाआड’ ह्या, ते कॉम्प्युटर काढणार. डॉक्टर निवडणार नाहीत, तूही नाही. नेमकं इथेच बहुतेक आईबापांचा घोटाळा होतो. आपल्याला वाटतं, डॉक्टर माझ्या पोराकडे बघून त्याला योग्य तेच देतील. रोजच्या इलाजात ते तसंच करतात. अभ्यासात मात्र त्यांनी ती निवड मुद्दाम सोडून दिलेली असते, कारण दोनांपैकी बरं कुठलं हे त्यांनाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर अभ्यास करणं हाच गुन्हा ठरला असता. तेव्हा “मोठे डॉक्टर बघतील” हे खरं, पण गोळी कशी घ्यायची ते मोठे डॉक्टर ठरवणार नाहीत. नवऱ्याला एवढं एक वाक्य समजलं तरी निम्मं काम झालं.

सासूबाईंच्या ‘खोट्या गोळी’विषयी. तू लिहिलंयस त्यावरून ह्या अभ्यासात खोटी गोळी दिसत नाही, दोन्हीकडे खरं स्टेरॉइडच आहे, फक्त घ्यायची तऱ्हा वेगळी. तरी दवाखान्यात विचारून घे. आणि समजा असती, तरी तिचा अर्थ ‘इलाज नाही’ असा दर वेळी होत नाही. तुमच्याच आजाराचं उदाहरण देते. नेफ्रोटिक पहिल्यांदा झाला की पूर्वी काही डॉक्टर स्टेरॉइड तीन महिन्यांऐवजी सहा महिने द्यायचे. जास्त दिवस दिलं तर पुढे कमी वेळा उलटेल, असं छोट्या अभ्यासांवरून वाटत होतं. मग भारतातल्याच पाच रुग्णालयांनी मिळून 181 मुलांवर ते तपासलं. बारा आठवडे सगळ्यांना पूर्ण औषध दिलं. त्यानंतरचे बारा आठवडे 92 मुलांना हळूहळू कमी होत जाणारं स्टेरॉइड आणि 89 मुलांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. 2015 मध्ये निकाल छापून आला, उलटण्यात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे त्यानंतर आजारी पडलेल्या कितीतरी पोरांचं तीन महिन्यांचं जादा स्टेरॉइड वाचलं. त्या औषधाने काय होतं ते तुला मी काय सांगू, फुगलेले गाल, अवेळी लागणारी भूक, चिडचिड, खुंटणारी उंची हे सगळं तू घरात बघतेयस. तुझ्या मुलाला साडेचाराव्या वर्षी किती आठवडे गोळी द्यायची, हेही अशाच कुणाच्या पोरांनी अभ्यासात भाग घेतल्यामुळे ठरलं.

हे तू ‘हो’ म्हणावंस म्हणून नाही सांगत. ‘उंदीर’ हा शब्द घरातून जावा म्हणून सांगतेय. उंदराला कुणी विचारत नाही. तुला विचारलं पाहिजे, आणि नीट विचारलं गेलं नाही ही तुझी तक्रार रास्त आहे.

सासूबाईंची आठवण मात्र खोटी नाही, त्यांना गप्प करू नकोस. आपल्या गावात मुलांवर आणि मोठ्यांवर झालेल्या चाचण्यांत आईबापांना पुरतं सांगितलं गेलं नव्हतं, अशा तक्रारी झाल्या, विधानसभेत प्रश्न उठले, आणि 2012 साली इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर 2013 मध्ये नियम बदलले. एथिक्स कमिटीची नोंदणी सक्तीची झाली, इजा झाल्यास भरपाईची तरतूद झाली, संमती कॅमेऱ्यावर घेण्याचा आदेश त्याच वर्षी न्यायालयाने दिला. पुढे 2019 साली नव्या औषधांचे आणि चाचण्यांचे वेगळे नियमच आले. (कॅमेऱ्याची सक्ती आता अगदी नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि भाग घेणारा मुलांसारखा दुर्बळ गटातला असेल तेव्हा असते. तुमचं औषध जुनंच आहे, त्यामुळे ‘आमचं शूटिंग का नाही केलं’ यावरून भांडू नकोस.) आज फॉर्मची एक प्रत तुझ्या हातात आहे, ती द्यावीच लागते, हासुद्धा त्या सगळ्या गदारोळातून आलेला नियम. सासूबाईंना सांग, तुम्ही वाचलेल्या त्या बातम्यांमुळेच हे चौदा पानांचं बाड घरी आलंय.

उत्पन्न आणि नॉमिनीही त्यातलेच. चाचणीमुळे कुणाचा जीव गेला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी नियमातल्या नमुन्यातच ते रकाने छापलेले आहेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्ममध्ये, अभ्यास कितीही साधा असो, ते तसेच उतरवलेले असत. तुझ्या मुलाला काही होणार आहे असं त्यातून निघत नाही. पण काहीच होऊ शकत नाही असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. हो, सही झाल्यावर नाही म्हणता येतं. आज, दहा दिवसांनी, सहा महिन्यांनी, केव्हाही, कारण न देता. आणि त्यावरून मुलाचा नेहमीचा इलाज कुणी थांबवू शकत नाही, हे तुझ्या चौदा पानांत कुठेतरी लिहिलेलं असणारच, शोध आणि खूण करून ठेव. एक गोष्ट मात्र जिवाची आहे. बाहेर पडायचं ठरलं तरी स्टेरॉइड घरच्या घरी बंद करू नकोस. इतके दिवस चाललेलं स्टेरॉइड एकाएकी थांबवलं तर शरीराला स्वतःचं तयार करायला वेळ मिळत नाही आणि मूल गंभीर आजारी पडू शकतं. अभ्यासातून बाहेर पडणं आणि गोळी थांबवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी डॉक्टरांनाच ठरवू दे.

डॉक्टर चिडतील का? एखादा चिडेलही, माणूसच तो. पण मी कमिटीत जे पाहिलं त्यावरून सांगते, बरेच तरुण डॉक्टर आईबापांनी प्रश्न विचारले की सुटकेचा श्वास सोडतात. गप्प बसून मान हलवणारे पालकच पुढे तिसऱ्या महिन्यात न सांगता येणं बंद करतात. आणि कुणी खरंच धमकावलं, तर फॉर्मवर एथिक्स कमिटीच्या सचिवाचा नंबर असतो. तो शोभेला छापलेला नाही. मी असताना वर्षभरात त्या नंबरावर दोन फोन आले होते, त्यातला एक चुकून लागलेला.

दहा दिवसांत काय करायचं? आधी घरी. रविवारी पोहे झाले की नवऱ्याला सांग, “मला नाही कळलं, तुम्ही समजावून सांगा.” परीक्षा घेतल्यासारखं नको, खरंच विचार. आपल्या शब्दांत सांगता सांगता माणसाला स्वतःलाच कळतं, की इथे आपली गाडी अडली. मुलांच्या बाबतीत शाळेत मी हेच करत असे, पाठ झालंय की समजलंय ते दुसऱ्याला समजावायला लावल्याशिवाय कळत नाही. जिथे जिथे तो “ते डॉक्टरांना माहीत” म्हणेल, ते वहीत लिही. मला वाटतं, यादी साधारण अशी होईल: आत्ता जे चालू आहे त्यापेक्षा ह्यात वेगळं काय? अभ्यासात नाही राहिलो तर तुम्ही याला कुठल्या पद्धतीने गोळी दिली असती? जादा रक्त किती वेळा काढणार, आणि ते इलाजासाठी की फक्त अभ्यासासाठी? मध्येच उलटलं तर काय, तेव्हा नेहमीचा पूर्ण डोस मिळणार ना? फुकट नक्की काय काय, औषध, तपासणी की दोन्ही, आणि अभ्यासामुळे त्रास झाला तर त्याचा खर्च कुणाचा? (हा शेवटचा खर्च तुमचा नसतो. पण त्यांच्या तोंडून ऐक.) यातला दुसरा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवीन. त्याचं उत्तर देताना डॉक्टर अडखळले तर घाबरू नकोस, “खरं सांगायचं तर आम्हालाही नक्की माहीत नाही” हे ह्या बाबतीत प्रामाणिक उत्तर आहे.

तिथे गेल्यावर सांग, की मराठीत समजावणारं कुणी असेल तर बरं. समजेल त्या भाषेत सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आपल्या इंदूरकरांचं मोठं विचित्र आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, नोकरीत इंग्रजी, आणि फॉर्म जो येतो तो ह्यांपैकी कुठल्याच भाषेत नसतो. रस्त्यावर कुणी ‘यादृच्छिक’ म्हणालं तर लोक वळून बघतील. मराठी बोलणारी एखादी सिस्टर त्या वॉर्डात नक्की सापडेल. नाही सापडली तर “चिट्ठी निकालकर तय होगा” अशा हिंदीत सांगा म्हणावं, तेवढं पुरे.

एका पालकाची सही बहुतेक अशा अभ्यासांना पुरते, ज्यात मुलाला थेट फायद्याची शक्यता असते किंवा धोका अगदी किरकोळ असतो. धोका जास्त आणि फायदा नाही, अशा ठिकाणी दोघांची लागू शकते. त्यामुळे नवऱ्याची सही नियमात बसेल. पण पोराला सकाळी उठवून लघवीत तपासणीची पट्टी बुडवणार तू, एक दिवसाआडचा हिशेब ठेवणार तू. तुला न समजता वर्षभराचा अभ्यास चालेल कसा? हे डॉक्टरांना ह्याच शब्दांत सांग. त्यांना ते लगेच पटेल, कारण गोळ्या चुकल्या तर त्यांचे आकडेही चुकतात.

आणि ज्याच्याबद्दल आपण हे सगळं बोलतोय त्याला कुणी विचारलंय का? तो नऊ वर्षांचा आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याची तोंडी संमती घ्यायची असते, बारानंतर लेखी. तुझ्या पत्रात ती घेतल्याचं कुठे दिसलं नाही. सही झाली त्या दिवशी तो बहुतेक शाळेत असेल. तेव्हा पुढच्या तारखेला त्याला ने, बाहेर बाकावर नको, आत. सुईचा प्रश्न त्याने स्वतः विचारू दे. उत्तर देताना डॉक्टरांना खुर्ची जरा खाली घ्यावी लागेल. “नाही टोचणार” असं खोटं मात्र कुणी बोलू नका, तूही नाही. वर्षातून चार वेळा तर चार वेळा सांगा. ह्या आजाराच्या मुलांनी इतक्या सुया खाल्लेल्या असतात, की आकडा त्यांना झेपतो, फसवणूक झेपत नाही. ऐकून तो नको म्हणाला तर त्या नकोला किंमत आहे. का नको ते विचार. कदाचित त्याला फक्त शाळेतल्या सहलीची तारीख चुकवायची नसेल.

सासूबाईंनाही घेऊन जा. गर्दीत त्रास होईल, खरं आहे, पण त्यांचा प्रश्न त्यांनीच विचारलेला बरा, आणि लेकाने तो त्यांच्या शेजारी उभं राहून ऐकलेला बरा. मला तर वाटतं, त्या कमिटीत माझ्याऐवजी त्या असत्या तर तो फॉर्म पास झाला नसता.

काय ठरलं ते कळव. काहीच ठरलं नाही, तारीख पुढे मागून घेतलीत, तरी कळव.

— काकू